बावन्न कुंड्या आणि लिंबाखालची जागा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. पूर्णा जंक्शनचा सहाचा भोंगा नुकताच वाजून गेला होता आणि बायनाबाई तिसरी कुंडी उपडी करत होती.

डाव्या हाताचा पंजा मातीवर, रोपाचे खोड दोन बोटांच्या बेचक्यात. उजव्या हाताने कुंडी उलटवायची आणि तिचा काठ दगडावर एकदाच, बेताने आपटायचा. मुळ्यांसकट मातीचा गड्डा सबंध हातात येतो. मग दाभणाने कडेची माती उकरत जायचे. तिसऱ्या कुंडीत चार हुमण्या निघाल्या. करंगळीएवढ्या जाड, दुधी पांढऱ्या, तांबूस डोक्याच्या, अंगाची कमान करून पडलेल्या. आंब्याच्या वर्षभराच्या रोपाची बारीक मुळे त्यांनी संपवली होती आणि जाड मुळाची साल एका बाजूने सोलायला घेतली होती.

बायनाबाईने चारही उचलून पितळीत टाकल्या. पितळीत आधीच्या सात होत्या. ऊन वर आले की ती पितळी विहिरीकाठच्या काळ्या दगडावर रिकामी करणार होती. तिने कधी हुमणी ठेचली नाही. ठेचणे तिला फार लवकर आटपणारे वाटे. तापल्या दगडावर हुमणी बराच वेळ वळवळते, मग शेजारच्या छबूबाईच्या कोंबड्या येतात. कोंबड्या आल्या तरी बायनाबाई त्यांना थोडा वेळ हुसकून लावी.

हे १९४२ सालच्या श्रावणातले, नागपंचमीच्या आदल्या दिवशीचे. बायनाबाई सत्तेचाळीस वर्षांची असावी. नक्की आकडा तिलाही माहीत नव्हता. घर माळ्याचे. पूर्णेबाहेर नदीच्या अंगाला दिनकररावांची आमराई होती आणि तीत शेंदऱ्या नावाचे एक झाड होते. शेंदऱ्याचा आंबा देठापाशी शेंदरी, कोय लहान, रसाला रेषा नाही. त्याची कलमे मागायला परभणीपासून माणसे येत. ती बांधण्याचे काम बायनाबाईच्या नवऱ्याकडे, मुंजाजीकडे, वीस वर्षे होते.

काम असे : साध्या आंब्याच्या कोयी कुंड्यांत लावायच्या आणि वर्षभर वाढवायच्या. पुढच्या श्रावणात त्या कुंड्या झाडाभोवती घातलेल्या बांबूच्या मांडवावर चढवायच्या. रोपाची आणि झाडाच्या डहाळीची साल तासायची, दोन्ही एकमेकांना भिडवायची आणि केळीच्या सोपटाने आवळून टाकायची. दसऱ्यापर्यंत दोन्ही एकजीव होतात. मुंजाजी बांधायचा. कोयी निवडणे, माती चाळणे, कुंड्या भरणे, पाणी घालणे हे सगळे बायनाबाईचे. बांधणेही तिला येत होते. फक्त लोकांनी ते पाहिलेले नव्हते.

मुंजाजी १९३९ साली पटकीने गेला. पुढच्या वर्षी बायनाबाईच्या कुंड्यांतली अडतीस रोपे वाळली. पानावर कीड नाही, खोडाला भोक नाही, पाणी वेळच्या वेळी. रोपे दुपारी मान टाकत आणि संध्याकाळी उचलत. आठ दिवसांनी ती उचलेनाशी झाली. तिचा धाकटा दीर सुग्रीव मारुतीच्या पारावर बसून म्हणाला, "रंडकीचा हात हाय तो. झाडाला कळतंय."

हे वाक्य गावभर फिरायला तीन दिवस पुरले. हळदीकुंकवाचे बोलावणे तर आधीच बंद झाले होते; आता बायका तिला आपल्या परसातल्या मिरचीच्या रोपालाही हात लावू देईनात. दिनकररावांनी शेंदऱ्या सुग्रीवच्या हवाली केला.

त्या संतापात बायनाबाईने मेल्या रोपाची एक कुंडी विहिरीच्या काठावर आदळून फोडली. मातीतून सहा हुमण्या बाहेर पडल्या. दुसरी फोडली, पाच. रोपे कोणी मारली हे तिला त्या दिवशी कळले. पण पारावरचा निकाल तोवर लागला होता आणि फुटक्या कुंडीची साक्ष घ्यायला कोणी बसलेले नव्हते.

तेव्हापासून तिला दोन वैरी झाले. एकाला सहा पाय होते आणि दुसऱ्याला दोन. दोघांचे संगनमत आहे हेही तिने ठरवून टाकले. कारण वाटणीत उकिरडा सुग्रीवकडे गेला होता आणि तिच्या कुंड्यांत पडणारे शेणखत त्याच उकिरड्याचे होते. हुमणीचे खत त्याने हेरून आपल्याला दिले, असे ती मनाशी म्हणे. दोन वर्षे ती कुंड्या उलटवत राहिली, हुमण्या वेचत राहिली आणि मोजत राहिली. विसरू नये म्हणून.

१९४२ च्या उन्हाळ्यात तिला संधी मिळाली. दिनकररावांना झरीच्या जमिनीत नवी आमराई लावायची होती आणि एकट्या सुग्रीवच्या हातून तेवढी कलमे होणार नव्हती. त्यांनी दोघांना बोलावून घेतले.

"अर्धं झाड सुग्रीवचं, अर्धं बायनाबाईचं," ते म्हणाले. "दोघांनी चाळीस चाळीस बांधायची. औंदा आणि पुढच्या साली. पुढच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही सालांची जगलेली कलमं मोजीन. ज्याची जास्त, झाड त्याचं. मग ते मी कोणाच्या सांगण्यावरून काढून घेणार नाही."

"मालक, मोजायचं मातर तुमीच," बायनाबाई म्हणाली. "पारावरल्यानी न्हाई."

सुग्रीव नुसता हसला.

तिच्याकडे बावन्न कुंड्या होत्या. त्रेचाळीस विहिरीजवळच्या मोठ्या कडुलिंबाखाली आणि नऊ, तिथे जागा पुरली नाही म्हणून, शेरडांच्या कुडापाशी. लिंबाखाली कीड फिरकत नाही, हे पूर्णेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कणगीत धान्यावर लिंबाचा पाला, गाठोड्यात लुगड्यांवर लिंबाचा पाला. म्हणून तर तिने कुंड्या मुद्दाम तिथे मांडल्या होत्या आणि त्यांत गळणारा पाला औषध म्हणून तसाच ठेवला होता. तरीही हुमणी लागतच होती. म्हणजे खतातूनच येते आहे, असा तिचा हिशेब.

पंचमीच्या आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत लिंबाखालच्या चोवीस कुंड्या उलटवून झाल्या. एकोणीस राहिल्या. पंचमीला माती उकरायची नाही, जमिनीत लोखंड घालायचे नाही. नांगर थांबतात, विळ्या-खुरप्या खुंटीवर जातात. आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्या मांडवावर चढवायच्या होत्या. एकदा रोप डहाळीला बांधले की कुंडी पुन्हा उपडी करता येत नाही. आत हुमणी राहिली तर ती दसऱ्यापर्यंत निवांत जेवते.

पंचमीच्या दिवशी सकाळी बायनाबाईने जनावरांची दगडी डोण काठोकाठ भरली आणि चार कुंड्या अख्ख्या पाण्यात बुडवल्या. मातीवर चार बोटे पाणी. मग ती हात मांडीवर ठेवून काठाला बसली.

वारुळाकडे निघालेल्या बायका थबकल्या. त्यांच्यामागून सुग्रीव आला.

"वैनी! पंचमीच्या दिशी माती उकरायलाव? नागोबाचं तरी भ्या धरा."

"भाऊजी, माज्या हातात काय हाय?"

हात रिकामे होते.

"मग हे काय चालवलंय?"

"रोपाला पानी देयलेय. पंचमीला पानी देऊ न्हाई, असं कुनी सांगितलंय?"

"पानी देयलाव का बुडवून मारायलाव?"

"ते बघा आता, कोन मरतंय."

छबूबाई पदर तोंडाला लावून हसली. पहिल्या कुंडीतून बुडबुडे आले. थोड्या वेळाने माती हलली आणि एक हुमणी डोके वर काढून पाण्यात आली, मग दुसरी, मग तिसरी. अर्ध्या तासात चार कुंड्यांच्या सतरा झाल्या. बायनाबाईने त्या ओंजळीने गाळून पितळीत घेतल्या. दाभण तर राहोच, तिने बोटही मातीत घातले नव्हते. बायकांना काही बोलायला जागा उरली नाही.

सुग्रीवला मात्र उरली. तो डोणीवर वाकून हुमण्या मोजत होता.

"वैनी, उकिरडा एक. खत एक. काल म्या माज्या धा कुंड्या बदलल्या, किड्याचा मागमूस न्हाई. मग तुमच्यातच का?" तो बायकांकडे वळला. "सांगा की. हात, दुसरं काय!"

बायनाबाईने वर पाहिले. तिच्या ओठावर शिवी आली होती. ती तिने गिळली. कारण तिला कुडापाशी ठेवलेल्या नऊ कुंड्या आठवल्या. त्या तिने दोन दिवस आधीच उलटवल्या होत्या आणि नऊंतही एक हुमणी नव्हती. खत तेच. हातही तोच. सुग्रीवच्या कुंड्या त्याच्या घराच्या ओट्यावर असत, तिथेही नाही. फक्त लिंबाखाली.

मग मृगाच्या पहिल्या पावसानंतरचे दिवस आठवले. रोज सकाळी कुंड्यांवर लिंबाची पाने पडलेली असायची, कडेने कातरलेली, चाळणी झालेली. मातीवर कधी एखादा तांबूस भुंगा पालथा पडलेला असायचा. तो तिने बोटाने उडवून दिला होता. औषध म्हणून ज्या झाडाखाली तिने रोपे ठेवली, तेच झाड भुंग्यांना जेवायला बोलावत होते आणि जेवून झाल्यावर ते खाली उतरून मऊ, खतावलेल्या मातीत अंडी घालत होते.

म्हणजे सुग्रीवने खतात काही कालवले नव्हते. त्याच्यावरचा एक गुन्हा कमी झाला. पारावरचा तसाच राहिला.

"खरं हाय भाऊजी," बायनाबाई म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ झाला की छबूबाईने वळून पाहिले. "लिंबाखाली ठिऊनबी माज्या हाताला कीड लागली, आता काय बोलू. तुमच्या हाताला गुन हाय. पुढच्या साली ही जागा तुमीच घ्या."

ही जागा सुग्रीवला वाटणीपासून हवी होती. सावली दाट, विहीर वीस पावलांवर. त्याच्या ओट्यापर्यंत पाणी नेताना बायको कस्तुराबाई रोज दमून जायची.

"आता कसं शानं बोललाव!" तो म्हणाला. "बरं का बायांनो, तुमी ऐकलंय."

"ऐकलंय की," छबूबाई म्हणाली.

बायनाबाईने पाचव्या कुंडीला पाण्यात ढकलले.

त्या वर्षी तिची बारा रोपे मुळे गेल्याने टाकावी लागली. बरोबर चाळीस उरली, ती तिने बांधली. दसऱ्यानंतर दिनकररावांनी मोजली तेव्हा बायनाबाईची एकोणतीस जगली होती आणि सुग्रीवची चौतीस. सुग्रीवने पारावर पेढे वाटले नाहीत, पण पान खाऊन तो सगळ्यांना पाचाचा फरक सांगत हिंडला.

१९४३ च्या मृगात पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी ती शेरडांच्या कुडाला टेकून बसली. दिवेलागणीला जमिनीतून भुंगे निघू लागले. एक, मग दहा, मग मोजता न येण्याइतके. भणभण करत ते सरळ लिंबावर गेले. पावसाची सर यावी तसा पाने कातरल्याचा आवाज येत होता. लिंबाखाली सुग्रीवच्या साठ कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या, माती काळी, भुसभुशीत, चांगली खतावलेली. बायनाबाई भुंगे खाली उतरायला लागेपर्यंत बसली आणि मग उठून भाकरी टाकायला गेली.

तिच्या स्वतःच्या कुंड्या या खेपेला उघड्यावर होत्या, लिंब-बाभळींपासून लांब, नदीकडच्या माळावर. रोज दिवे लागायच्या आधी ती त्यांच्यावर जुनी लुगडी अंथरी आणि कडेने दगड ठेवी. सकाळी काढून घेई. सुग्रीवने ते पाहिले.

"वैनी, कुंड्यांना पदर कशाला? पाव्हणे यायलेत का?"

"यायलेत."

"कोन?"

"तुमच्याकडं जेवून राहिले, तर माज्याकडं येतेल."

सुग्रीवला हे बोलणे वेडगळ वाटले. लोकांना हसून सांगायला त्याला ते पुष्कळ दिवस पुरले.

लिंबाखालच्या कुंड्यांना पाणी घालायची ती कस्तुराबाई. सकाळी एक फेरी, ऊन असेल तर संध्याकाळी दुसरी. ती बायनाबाईहून पंधरा वर्षांनी लहान, कमी बोलणारी. मुंजाजी गेला तेव्हा तेरा दिवस बायनाबाईला तिनेच भाकरी आणून दिली होती. पाणी घालताना ती रोपांवर आलेली मुंगीसुद्धा फुंकून काढायची. बायनाबाई विहिरीवर तिला रोज भेटे. घागर उचलून देई. लिंबावर वर पाहा, एवढे म्हणायला तिला चार महिने मिळाले होते. ती म्हणाली नाही.

तिला एकच धास्ती होती : पंचमीच्या आधी सुग्रीव कुंड्या उलटवून बघेल. गेल्या साली डोणीत वर आलेल्या हुमण्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण त्याचा लिंबावर भरवसा होता आणि आपल्या हातावर त्याहून जास्त. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी त्याने चाळीस निवडक रोपे मांडवाच्या पश्चिमेकडे चढवली आणि दोन दिवसांत बांधून टाकली. बायनाबाईने पूर्वेकडे चाळीस बांधली. तिने आपली प्रत्येक कुंडी आधी एकदा उलटवली होती. सगळ्यांत मिळून तीन हुमण्या. त्या तिने दगडावर वाळत टाकल्या आणि कोंबड्यांना त्या दिवशी उशीरच केला.

पोळ्यानंतर पश्चिमेकडची रोपे दुपारची मान टाकू लागली. सुग्रीवने पाणी वाढवले. मग पाणी कमी केले. कोणी सांगितले म्हणून ताक घातले. एका बाजूच्या कुंड्यांना काळा दोरा बांधला. बायनाबाई रोज सकाळी मांडवावर चढे, आपल्या कुंड्यांना पाणी घाली आणि उतरताना पश्चिमेकडची पिवळी पाने मोजी. अकरा. एकोणीस. सव्वीस. त्या महिन्यात तिला झोप चांगली लागत होती, असे तिने पुढे छबूबाईला सांगितले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिनकरराव आले. त्यांनी आधी पूर्वेकडची मोजली : छत्तीस. मग पश्चिमेकडची : सात. गेल्या सालची धरून बायनाबाईची पासष्ट आणि सुग्रीवची एक्केचाळीस. मोजायला फार वेळ लागला नाही. खाली गावातली दहाबारा माणसे जमली होती.

"ही मोजनी खरी न्हाई मालक," सुग्रीव म्हणाला. "रोज सकाळी वैनी मांडवावर चढती. तिचा हात लागला असंल, न्हाई तर नजर. रोपं दुपारची मान टाकत व्हती. तीन साल मागं तिची गेली, तशीच. डिट्टो."

"भाऊजी," बायनाबाई म्हणाली, "तुमची एक मेलेली कुंडी खाली आना. तुमीच आना. मी हात लावत न्हाई."

"कशाला?"

"आना तर."

दिनकररावांनी मान हलवली. सुग्रीवने सोपट कापले, कुंडी उतरवली. बायनाबाई चार पावले मागे सरून उभी राहिली, हात पाठीमागे बांधून.

"आता उपडी करा. काठ दगडावर आपटा."

त्याने जोरात आपटली, कुंडीच फुटली. मातीचा गड्डा तसाच राहिला नाही, कारण त्याला धरून ठेवायला मुळेच नव्हती. ढेकळे पसरली आणि त्यांत हुमण्या. कोणीतरी मोजल्या. सात. सुग्रीवने दुसरी कुंडी स्वतःच उतरवली. तीत पाच.

"या तर हुमण्या," दिनकरराव म्हणाले.

"व्हय मालक. पारावर यान्लाच रंडकीचा हात म्हनत्यात." ती सुग्रीवकडे वळली. "भाऊजी, तुमी तर रंडके न्हाईत. मग हा हात कुनाचा म्हनायचा?"

माणसांत एक जण हसला, मग दोन, मग सगळे. सुग्रीव त्यांच्याकडे पाहत राहिला. हेच लोक तीन वर्षांपूर्वी पारावर होते. मग तो फुटकी कुंडी तशीच टाकून बांधाने घराकडे निघून गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बायनाबाईने त्याच्या पाठीवरून नजर काढली नाही.

"झाड बायनाबाईचं," दिनकरराव म्हणाले. "पण तुला कसं कळलं, की त्याच्याच कुंड्यांत असतील?"

"वास आला," ती म्हणाली. ते खोटे होते. खरे ती कोणाला सांगणार नव्हती. पुढची बरीच वर्षे ते तिच्या कामाचे होते.

माणसे पांगली. कस्तुराबाई राहिली. ती उकिडवी बसून ढेकळांतल्या हुमण्या पाहत होती.

"बाई," तिने विचारले, "लिंबाची जागा आमाला दिली, तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

बायनाबाईने एकदा माणसे गेली त्या वाटेकडे पाहिले, मग कस्तुराबाईकडे.

"व्हतं."

"चार महिने म्या पानी घातलं."

"बघितलं म्या."

"पारावर त्यांनी म्हनलं व्हतं. म्या न्हाई."

कस्तुराबाई उठली. पश्चिमेकडच्या जिवंत सात कुंड्यांकडे तिने एकदा पाहिले, पदर खोचला आणि मांडवावर चढून त्यांना पाणी घालू लागली. त्या आता दोघींपैकी नक्की कोणाच्या, हे दिनकररावांनी सांगितले नव्हते. बायनाबाईने तिला अडवले नाही. ती झाडाच्या बुंध्याशी बसून सहाणेवर चाकूला धार लावत राहिली.

जुळलेली भेटकलमे एका दमात तोडत नाहीत. सांध्याखाली शेंदऱ्याच्या डहाळीला आधी निम्मा काप द्यायचा आणि आठ दिवसांनी उरलेला. उद्या द्वादशी. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, छत्तीस डहाळ्यांना पहिला काप बायनाबाई देणार आहे.